आदिवासी स्त्री-नेतृत्वाचा गौरव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै संपत आला की शाळा, महाविद्यालये, सार्वजनिक ग्रंथालये आणि महिला मंडळे यांच्याकडून आदिवासी महिलांच्या सत्काराविषयी विचारणा सुरू होते. त्याच त्या प्रश्नांची उत्तरे एका जागी असावीत म्हणून हे संकलन केले आहे. उदाहरणे मुख्यत्वे महाराष्ट्रातील आहेत, मात्र विषय जिथे राज्याची सीमा ओलांडतो तिथे तीही ओलांडली आहे. एका उत्तरात आलेला मजकूर दुसऱ्यात पुन्हा न देता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आदिवासी महिला नेतृत्व म्हणजे नेमके कोण? सरपंच किंवा आमदार असणे आवश्यक आहे का?

आवश्यक नाही. पद हा नेतृत्वाचा एक प्रकार झाला, पण गावाचा व्यवहार ज्यांच्या शब्दावर चालतो अशा अनेक स्त्रियांकडे कोणतेही पद नसते. वारली समाजाचे उदाहरण पाहा. तिथे लग्नाचे विधी परंपरेने धवलेरी चालवते; ती गाणी म्हणते, देवतांना आवाहन करते आणि तिच्याशिवाय लग्न लागत नाही. त्याच लग्नात घराच्या भिंतीवर पालघाट देवीचा चौक लिहितात त्या सुवासिनी. म्हणजे आज जगभर ओळखली जाणारी वारली चित्रकला मुळात स्त्रियांनी सांभाळलेला विधी आहे, आणि ती कागदावर उतरून बाजारात गेली तेव्हा प्रसिद्धी मात्र मुख्यतः पुरुष चित्रकारांच्या वाट्याला आली. बाळंतपण करणारी सुईण, बियाणे राखणारी शेतकरीण, बचत गटाचा हिशेब ठेवणारी सचिव, ग्रामसभेत उठून प्रश्न विचारणारी बाई या सगळ्या या व्याख्येत बसतात. निवड करताना कसोटी एकच ठेवावी: अडचण आली की गावातील लोक कोणाच्या दारी जातात, हे गावालाच विचारावे.

२. राहीबाई पोपेरे यांचे नाव सर्वत्र येते. त्यांनी नेमके काय केले?

राहीबाई सोमा पोपेरे या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या, महादेव कोळी समाजातील शेतकरी आहेत. त्यांना शाळेत जाता आले नाही. संकरित बियाणे आणि रासायनिक खते-औषधे यांचा वापर वाढल्यावर घरातील लहान मूल वारंवार आजारी पडू लागले आणि त्याचा संबंध त्यांनी खाण्यातील भाजीपाल्याशी जोडला, असे त्या सांगतात. तेव्हापासून त्यांनी परिसरातील जुने गावठी वाण शोधून, पेरून, वाढवून राखायला सुरुवात केली. वाल, घेवडा, भात, नागली, वरई, रानभाज्या अशा अनेक पिकांचे वाण त्यांच्याकडे जमले. बियाणे मातीच्या मडक्यांत, राख लावून ठेवण्याची जुनी रीत त्यांनी कायम राखली. पुढे ग्रामीण विकासाचे काम करणाऱ्या बायफ या संस्थेचे साहाय्य मिळाले आणि घरातील साठ्याला बियाणे बँकेचे रूप आले. कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समितीमार्फत हे काम आजूबाजूच्या गावांत पोहोचले.

या कामात संग्रहाइतकेच वाटपही महत्त्वाचे आहे आणि सत्काराच्या भाषणांत नेमके तेच सुटते. बियाणे नेणाऱ्याने हंगामानंतर दुप्पट परत करावे, असा बँकेचा रिवाज आहे. त्यामुळे वाण कुलपात न राहता दर वर्षी शेतात उतरतो, बदलत्या पावसाशी जुळवून घेतो आणि गावोगावच्या स्त्रिया त्याच्या राखणदार होतात. राहीबाईंचा समावेश २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत झाला, त्यांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ‘बीजमाता’ ही उपाधी मात्र जपून वापरावी. ती आदराची आहे, पण केवळ मातृत्वावर भर दिला की निरीक्षण, निवड आणि चाचणी हे त्यांचे शेतीविज्ञान झाकोळते.

३. इतिहासातील कोणत्या आदिवासी स्त्रियांची माहिती कार्यक्रमात द्यावी?

महाराष्ट्रात असाल तर चंद्रपूरच्या राणी हिराईपासून सुरुवात करावी. पती बीरशाह यांच्या मृत्यूनंतर अठराव्या शतकाच्या सुरुवातीला या गोंड राणीने दत्तक पुत्र रामशाह यांच्या वतीने राज्यकारभार पाहिला. बीरशाहांची समाधी आणि महाकालीचे मंदिर ही तिच्या नावाशी जोडलेली बांधकामे आजही चंद्रपुरात उभी आहेत. तिच्याआधी दीड शतक आजच्या मध्य प्रदेशातील गढा-मंडल्याची राणी दुर्गावती अल्पवयीन मुलाच्या वतीने राज्य चालवत होती आणि अकबराचा सरदार आसफखान याच्याशी लढताना २४ जून १५६४ रोजी तिने देह ठेवला.

राण्यांखेरीजची नावे अधिक आवर्जून घ्यावीत. १८५५ च्या संथाळ हूलमध्ये, म्हणजे इंग्रज राजवटीविरुद्धच्या उठावात, त्याचे नेते सिदो-कान्हू यांच्या बहिणी फुलो आणि झानो लढल्या, ही स्मृती संथाळ समाजाने जपली आहे. राजस्थानातील डुंगरपूर संस्थानात रास्तापाल येथे जून १९४७ मध्ये शाळा बंद पाडण्यासाठी आलेल्या शिपायांनी शिक्षक सेंगाभाई यांना गाडीला बांधून फरपटत नेले, तेव्हा कालीबाई या भिल्ल मुलीने विळ्याने दोर कापला. तिला गोळी घालण्यात आली. स्वातंत्र्य त्या वेळी दोन महिन्यांवर आले होते. मणिपूरच्या रोंगमेई नागा समाजातील राणी गाइदिन्ल्यू हिला १९३२ मध्ये, सोळा-सतरा वर्षांच्या वयात अटक झाली आणि स्वातंत्र्य जवळ येईपर्यंत ती तुरुंगातच होती. शाळकरी मुलांसमोर बोलायचे असेल तर कालीबाईची हकीकत सर्वांत जवळची वाटते, कारण ती शाळेसाठीच घडली.

४. राहीबाईंखेरीज आजच्या काळातील कोणती नावे घेता येतील?

भारताच्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू संथाळ समाजातील असून त्यांनी २५ जुलै २०२२ रोजी पदाची शपथ घेतली. त्यांच्याविषयी बोलताना केवळ ‘पहिल्या आदिवासी राष्ट्रपती’ एवढ्यावर थांबू नये. झारखंडच्या राज्यपाल असताना, २०१७ मध्ये, आदिवासींच्या जमिनीविषयीच्या कायद्यांत बदल करणारी विधेयके त्यांनी स्वाक्षरी न करता परत पाठवली होती, हे सांगितले तर पदाचा उपयोग कसा झाला ते श्रोत्यांना कळते.

मध्य प्रदेशातील झाबुआकडच्या भूरीबाई या भिल्ल चित्रकार भोपाळच्या भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करत होत्या. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना कागद-रंग दिले आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कर्नाटकातील तुलसी गौडा यांनी वनखात्याच्या रोपवाटिकेत आयुष्य घालवले (त्यांच्याविषयी प्रश्न १२ पाहा). आपल्याकडे नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या काठावरील एका अंगणवाडी सेविकेने २०२० च्या टाळेबंदीत स्वतः होडी वल्हवत पाड्यांवरील बालकांपर्यंत पोषण आहार पोहोचवला. अशा सेविका प्रत्येक आदिवासी तालुक्यात असतात आणि त्यांचा शोध घेण्यासाठी वर्तमानपत्राची वाट पाहण्याचे कारण नाही.

५. सत्कार कोणत्या दिवशी करावा?

९ ऑगस्ट हा संयुक्त राष्ट्रांनी १९९४ मध्ये ठरवलेला जागतिक आदिवासी दिन आहे. १९८२ मध्ये त्याच तारखेला मूलनिवासींविषयीच्या कार्यगटाची पहिली बैठक झाली होती. १५ नोव्हेंबर, म्हणजे बिरसा मुंडा यांची जयंती, २०२१ पासून केंद्र सरकार जनजातीय गौरव दिवस म्हणून साजरी करते. केवळ आदिवासी स्त्रियांचा म्हणून पाळला जाणारा दिवस ५ सप्टेंबर हा आहे. १७८२ मध्ये त्या तारखेला बार्तोलिना सिसा या दक्षिण अमेरिकेतील आयमारा समाजातील बंडखोर स्त्रीला आजच्या बोलिव्हियातील ला पाझ येथे स्पॅनिश राजवटीने ठार मारले. आपल्याकडे तोच शिक्षक दिन असल्याने आदिवासी शिक्षिकांच्या सत्कारासाठी ही तारीख सोयीची आहे.

दिनदर्शिकेपेक्षा हंगाम महत्त्वाचा मानावा. सह्याद्रीच्या भातपट्ट्यात ऑगस्टच्या सुरुवातीला लावणी नुकतीच उरकत असते किंवा बेणणी चालू असते. गडचिरोलीत ८ मार्चच्या सुमारास मोहफुले वेचण्याचे दिवस येतात आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणी असते. या दिवसांत बाईला शहरात बोलावणे म्हणजे तिची वर्षाची कमाई बुडवणे होय. तारीख आधी तिला विचारावी आणि मग सभागृह आरक्षित करावे.

६. ग्रामसभेतील आदिवासी स्त्रियांच्या कामाचा उल्लेख नेहमी होतो. त्याला कायद्याचा आधार काय आहे?

आधार भक्कम आहे. डिसेंबर १९९६ मध्ये झालेल्या पेसा कायद्याने (पंचायत व्यवस्था अनुसूचित क्षेत्रांना लागू करणारा कायदा) अनुसूचित क्षेत्रातील, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून घोषित केलेल्या भागातील, ग्रामसभेला गौण वनोपजाची (मोह, तेंदूपत्ता यांसारख्या लाकडाखेरीजच्या उत्पन्नाची) मालकी, दारूबंदी किंवा दारूविक्रीचे नियमन अशा विषयांत अधिकार दिले. महाराष्ट्रात तेरा जिल्ह्यांचा पूर्ण किंवा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो आणि राज्याचे पेसा नियम २०१४ मध्ये आले. वनहक्क कायदा २००६ चा; तो जंगलात राहणाऱ्यांचे वैयक्तिक आणि संपूर्ण गावाचे सामूहिक हक्क मान्य करतो. त्यानुसार विवाहित दावेदाराचा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावा लागतो. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात आणि वनहक्कांच्या कामासाठी भरलेल्या ग्रामसभेतही उपस्थितांपैकी किमान एक तृतीयांश स्त्रिया असणे आवश्यक आहे. राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही आहे.

कागदावरचे हे अधिकार प्रत्यक्षात आणण्याचे श्रम ज्यांनी केले, त्यांतील मोठा वाटा स्त्रियांचा आहे. जंगलाची हद्द, पाणवठे, मोहाची झाडे, कंदमुळांच्या जागा यांची माहिती रोज जंगलात जाणाऱ्या बाईला असते. सामूहिक दाव्यासाठी नकाशा करताना तिच्या सांगण्यावाचून पान हलत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील अगदी सुरुवातीच्या गावांपैकी एक आहे. तिथे निर्णय बहुमताऐवजी सर्वसहमतीने होतात आणि स्त्रियांची संमती नसेल तर निर्णय होत नाही. त्याच जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. ती लागू करवण्यासाठी आणि नंतर गावपातळीवर टिकवण्यासाठी झालेल्या आंदोलनांचा कणा स्त्रियाच होत्या. सत्कारपत्रात ‘सामाजिक कार्य’ असे मोघम लिहिण्याऐवजी ‘गावाच्या सामूहिक वनहक्क दाव्याच्या मोजणीत सहभाग’ असे लिहिले, तर ते पत्र गावासाठी दस्तऐवज ठरते.

७. आदिवासी समाजात स्त्री-पुरुष समानता आहेच, असे भाषणात म्हणावे का?

सरसकट म्हणू नये. विधवा पुनर्विवाह, घटस्फोट, मुलीच्या पसंतीला असलेला मान, अनेक जमातींत हुंड्याऐवजी मुलीच्या घरी दिले जाणारे देज अशा बाबतींत कित्येक आदिवासी समाज पुढे आहेत, हे खरे आहे. परंतु वारशाचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २(२) नुसार, केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय तो कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही, त्यामुळे जमिनीवरील मुलीचा हक्क रूढीवर अवलंबून राहिला. जुलै २०२५ मध्ये एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना तिच्या वारसांना समान वाटा नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. दुसरीकडे, सातपुड्याच्या भागात एखाद्या बाईला डाकीण ठरवून छळण्याचे प्रकार घडले आहेत आणि महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशा छळालाही लागू होतो. ज्या स्त्रिया अशा वातावरणात पुढे आल्या, त्यांच्या समाजाचे गुळगुळीत चित्र रंगवणे हा त्यांच्याच संघर्षावर अन्याय आहे.

८. पाहुण्यांना निमंत्रण कसे द्यावे आणि संबोधन काय असावे?

निमंत्रण शक्यतो प्रत्यक्ष जाऊन, निदान फोनवर बोलून द्यावे. संबोधन ‘अहो-जाहो’चेच असावे. ही गोष्ट सांगावी लागते याचे वाईट वाटते, पण विद्यापीठातील विदुषीला ‘मॅडम’ म्हणणारे सूत्रसंचालक साठीच्या कातकरी बाईंना मंचावर एकेरीत हाक मारतात, असे पुष्कळदा दिसते. ‘ताई’, ‘मावशी’, ‘आजी’ यांपैकी त्यांच्या गावात जे रूढ असेल ते वापरावे. निमंत्रणपत्रिकेवर नुसते ‘आदिवासी महिला’ असे न छापता पूर्ण नाव, गाव आणि त्यांची हरकत नसेल तर समाजाचे नाव द्यावे: ठाकर, कोकणा, पावरा, माडिया, कोरकू, कोलाम. त्या मावची, माडिया किंवा कोरकूत बोलणार असतील तर दुभाषी त्यांच्या ओळखीचा असावा. प्रवासखर्च, सोबत येणाऱ्या व्यक्तीचा खर्च आणि बुडालेल्या मजुरीसह मानधन त्याच दिवशी हातात द्यावे.

९. शाल-श्रीफळाऐवजी काय देता येईल?

त्यांनाच विचारावे. बियाणे साठवण्याच्या कोठ्या, बचत गटासाठी वजनकाटा, पाड्यावरील अभ्यासिकेसाठी पुस्तके आणि सौरदिवे, वनहक्काच्या अपिलासाठी वकिलाचा सल्ला अशा उपयोगी गोष्टी बहुधा पुढे येतात. शाल द्यायचीच असेल तर द्यावी, तिच्यात गैर काही नाही.

१०. आमच्या विद्यार्थिनींनी आदिवासी वेशात नृत्य सादर करावे का? निमंत्रणावर वारली चित्र चालेल का?

ज्यांचा सत्कार आहे त्यांच्यासमोर त्यांचाच वेश घालून, चेहऱ्याला काळा रंग लावून नाचणे अपमानकारक आहे आणि ते टाळावे. तारपा किंवा ढोलनाच हवा असेल तर त्या गावचे पथक बोलवावे आणि त्यांना बिदागी द्यावी. वारली चित्राचेही तसेच आहे: इंटरनेटवरून उचललेल्या नक्षीऐवजी डहाणू-तलासरी भागातील एखाद्या चित्रकर्तीकडून चित्र काढून घ्यावे, मोबदला द्यावा आणि पत्रिकेवर तिचे नाव छापावे.

११. आदिवासी भागात काम करणाऱ्या बिगर-आदिवासी समाजसेविकांचा सत्कार याच कार्यक्रमात करावा का?

वेगळ्या कार्यक्रमात करावा. गोदावरी परुळेकर यांनी १९४५ पासून ठाणे जिल्ह्यातील वारल्यांना वेठबिगार आणि लग्नगडीच्या (लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी राबवून घेण्याच्या) पद्धतीविरुद्ध संघटित केले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे मूलगामी काम उभारले. त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि, त्या लढ्यात लाठ्या खाणाऱ्या आणि कार्यकर्त्यांना लपवून जेवू घालणाऱ्या वारली स्त्रियांची नावे फारशी नोंदलेली नाहीत. एकाच मंचावर दोघींना बसवले की बातमी कोणाची होते, हे अनुभवी संयोजकांना ठाऊक असते.

१२. समाज अनुसूचित जमातींच्या यादीत नसेल, किंवा स्त्री जन्माने त्या समाजातील नसेल तर?

सत्कारासाठी जातप्रमाणपत्र लागत नाही. कर्नाटकातील अंकोला भागातील हालक्की समाज अनुसूचित जमातीच्या दर्जाची मागणी वर्षानुवर्षे करत आला आहे, आणि तरीही त्या समाजातील तुलसी गौडा यांची ओळख देशभर आदिवासी वृक्षसंवर्धक हीच झाली. बीज कोणत्या मातृवृक्षाचे घ्यावे, याचे त्यांचे ज्ञान वनखात्याला उपयोगी पडले. २०२० मध्ये जाहीर झालेली पद्मश्री स्वीकारायला त्या अनवाणी गेल्या होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच समाजातील सुक्री बोम्मगौडा यांनी परंपरागत गाणी मुखोद्गत जपली आणि गावात दारूविरोधी आंदोलन चालवले. राणी दुर्गावती (प्रश्न ३) जन्माने चंदेल घराण्यातील होत्या आणि विवाहाने गोंड राजघराण्यात आल्या, पण गोंड समाजाने त्यांना आपले मानले आहे. समाज ज्यांना आपले म्हणतो, त्यांच्याविषयी बाहेरच्यांनी शंका काढू नये. आरक्षण किंवा शासकीय योजनेचा लाभ हा वेगळा विषय आहे. तिथे यादीच ग्राह्य धरली जाते.

१३. सरपंच आदिवासी महिला आहेत, परंतु कारभार त्यांचे पती पाहतात. सत्कार करावा का?

अनुसूचित क्षेत्रात सरपंचपद अनुसूचित जमातीसाठीच असते आणि राज्यात २०११ पासून पंचायतींमध्ये स्त्रियांना निम्म्या जागा आहेत, त्यामुळे हा प्रसंग वारंवार येतो. निमंत्रण सरपंच बाईंच्याच नावे द्यावे, खुर्ची एकच ठेवावी आणि बोलण्याची विनंती त्यांनाच करावी. पहिल्या वर्षी गप्प असलेली सरपंच तिसऱ्या वर्षी गटविकास अधिकाऱ्याला धारेवर धरते, असे पुष्कळ वेळा घडते. त्यामुळे केवळ पतीच्या वावरावरून तिला बाद ठरवू नये. मात्र तिचे काम अजून दिसलेलेच नसेल, तर तिच्या पदाचा सत्कार करण्याची घाई कशासाठी?

१४. एका व्यक्तीऐवजी गटाचा सत्कार चालेल का? आणि कोणी नकार दिला तर?

चालेल, कित्येकदा तोच योग्य ठरतो. ग्रामसभेच्या किंवा बियाणे समितीच्या कामातून एकच नाव उचलले, तर बाकीच्या बायकांत नाराजी येते आणि त्याचे ओझे ‘विजेती’ला गावात वाहावे लागते. नकार आल्यास कारण विचारून भंडावू नये. खाणविरोधी किंवा धरणविरोधी लढ्यातील स्त्रीला विशिष्ट पाहुण्याच्या हस्ते सत्कार नको असू शकतो, आणि तो तिचा राजकीय निर्णय आहे.

१५. पद्म पुरस्कारासाठी कोणाचे नाव सुचवता येते का?

होय. केंद्राच्या राष्ट्रीय पुरस्कार संकेतस्थळावर कोणताही नागरिक शिफारस करू शकतो. त्यासाठी जास्तीत जास्त ८०० शब्दांत कार्याचे वर्णन द्यावे लागते. मुदत दर वर्षी जाहीर होते. विशेषणांऐवजी गाव, वर्ष, काम आणि त्यातून झालेला बदल लिहावा, आणि शिफारस करण्यापूर्वी संबंधित स्त्रीची संमती घ्यावी.

१६. सत्कारमूर्तींची छायाचित्रे, औषधी वनस्पतींची माहिती किंवा बियाणे आम्ही प्रसिद्ध करू शकतो का?

छायाचित्रासाठी आधी विचारावे आणि छापलेली प्रत पाठवावी. वनस्पतींच्या माहितीबाबत अधिक सावध असावे: कोणत्या आजारावर कोणते मूळ, किती प्रमाणात, हे स्मरणिकेत छापल्यास वाचकाला अपाय होऊ शकतो आणि त्या ज्ञानावरील समाजाचा अधिकारही निसटतो. जैवविविधता कायदा २००२ नुसार अशी माहिती लोकजैवविविधता नोंदवहीत स्थानिक समितीमार्फत नोंदवता येते. पारंपरिक वाणांसाठी २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याला किंवा शेतकरी समूहाला आपला वाण नोंदवता येतो. या नोंदणीसाठी कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्राशी गाठ घालून देणे, हे काम संयोजक सहज करू शकतात. कार्यक्रमात बियाण्यांची पुडकी वाटायची असतील तर ती विकत घ्यावीत आणि पुडक्यावर वाणाचे नाव, गाव व राखणाऱ्या स्त्रीचे किंवा गटाचे नाव लिहावे.